चौकाबाहेर आलेली रेषा

पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्थानकावर उतरून समुद्राच्या रोखाने निघालेल्या प्रवाशाला शीतलादेवीचे मंदिर आणि त्यापलीकडील सुरूचे बन दिसण्यापूर्वी एका ओळखीच्या चित्राचे दर्शन बहुधा घडतेच. निवासगृहाची ओसरी असो, उपाहारगृहाचा दर्शनी भाग असो की एखाद्या शाळेचे कुंपण असो, मोकळी भिंत दिसली की तिच्या तांबड्या अंगावर पांढऱ्या रेषांची माणसे फेर धरून उभी राहतात. त्यांच्या मध्यभागी कोणी तारपा फुंकत असतो, कडेला एखादे ताडाचे झाड, एखादी बैलजोडी आणि एखादी पाणी भरणारी स्त्री असते. ही आकृती आता केळव्याची राहिलेली नाही, पालघर जिल्ह्याचीही राहिलेली नाही. साडीच्या पदरापासून चहाच्या पेल्यापर्यंत आणि सरकारी कचेरीच्या जिन्यापासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत तिचा अंमल पसरला आहे. दोन त्रिकोण टोकाशी टोक जुळवून ठेवले की धड तयार होते, वर एक वर्तुळ दिले की मस्तक होते, आणि चार काड्या जोडल्या की हातपाय होतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक झाले आहे.

नेमक्या या सुलभतेमुळेच एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो केवळ वारली चित्रांपुरता मर्यादित नाही. जी आकृती सर्वांची आहे, जिचे नियम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत आणि जिच्यावर कोणा एकाच्या स्वाक्षरीचा हक्क कधी नव्हता, तिच्यातून एखाद्या तरुण चित्रकाराची स्वतंत्र शैली निर्माण होते तरी कशी? नक्षी कोठे संपते आणि शैली कोठे सुरू होते? शैली म्हणजे परंपरेशी केलेली फारकत, अशी समजूत शहरी कलाविचाराने आपल्या मनात इतकी दृढ केली आहे की, परंपरेच्या आतच राहून एखादा हात ओळखू येण्याइतका वेगळा होऊ शकतो, ही गोष्ट आपल्याला प्रथमदर्शनी पटत नाही. या प्रश्नाचे उत्तर सुदैवाने केळव्यापासून फार दूर नाही. ते याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू तालुक्यातील गंजाडच्या परिसरात, जिव्या सोमा मशे या चित्रकाराच्या जीवनात आणि त्याच्यामागून आलेल्या तरुणांच्या हातांत सापडते.

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. परंतु या मुलखाची जुनी विभागणी दफ्तरातील नकाशाहून अधिक बोलकी आहे. समुद्राला लागून असलेली ती बंदरपट्टी आणि पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत गेलेली ती जंगलपट्टी, अशी लोकांच्या बोलण्यातली वाटणी होती. केळवे आणि माहीम ही बंदरपट्टीची गावे. पानमळ्यांची, केळीच्या बागांची, भाजीपाल्याच्या वाड्यांची, मासेमारीची आणि पोर्तुगीजकालीन कोटांची. रेल्वेचा रूळ ओलांडून पूर्वेकडे गेले की भाताची एकपिकी खाचरे, मोहाची व सागाची झाडे आणि कुडाच्या भिंतींचे पाडे लागू लागतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी यांची ही वस्ती. बंदरपट्टीच्या वाड्यांत मजुरीला येणारा माणूस बहुतेक वेळा या जंगलपट्टीतला. आणि तारापूरला अणुवीज केंद्र उभे राहून 1969 साली त्यातून वीज वाहू लागल्यावर व बोईसरच्या परिसरात औद्योगिक वसाहत वाढल्यावर, कारखान्यांच्या दाराशी रोजगारासाठी उभा राहणारा तरुणही पुष्कळदा याच पाड्यांतला. म्हणजे ज्या माणसाचे चित्र केळव्याच्या भिंतीवर दिसते, तो माणूस त्याच रस्त्याने कामावर जात येत असतो. मात्र त्या चित्राचे मूळ स्थान रस्त्याकडेची भिंत नव्हे.

ते मूळ स्थान वारली घराच्या आत, अंधाऱ्या भागात, स्वयंपाकाच्या जागेजवळ असे. कारवीच्या किंवा बांबूच्या काड्यांचा कूड, त्यावर माती व शेण यांचा गिलावा, त्यावर गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाचे पाणी, इतकाच या चित्राचा सरंजाम. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हीच लेखणी. विवाहाच्या प्रसंगी सवाशिणी एकत्र येऊन लग्नचौक लिहीत. चौरस आकाराच्या त्या चौकटीला अनेक पदरी नक्षीची किनार असे आणि तिच्या गर्भात पालघट देवी विराजमान होई. ही वनस्पतींची, धान्याची, प्रजननाची देवता. चौकटीत सूर्य आणि चंद्र असत, फणी असे, शिडी असे; शेजारच्या लहान चौकात घोड्यावर आरूढ झालेला पंचशिऱ्या देव असे. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री तेव्हा गाणी म्हणे, भगत देवांना आवाहन करी. आणि या चौकावाचून विवाह सिद्धीस जात नसे. चौकाबाहेरच्या मोकळ्या जागेत मात्र हात थोडा सैल सोडण्याची मुभा असे. झाडे, पक्षी, नाचणारी माणसे, शिकार, शेती यांचा प्रवेश तेथे होई. कलेच्या इतिहासात पुढे जे घडले त्याचे बीज या बाहेरच्या मोकळ्या जागेत आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या व्यवस्थेत चित्रकार नावाचा स्वतंत्र इसम नव्हता. चित्र प्रसंगासाठी होते, प्रसंग सरला की धुराने, ओलीने आणि पुढच्या सारवणाने ते पुसले जाई, आणि त्याची खंत कोणी करीत नसे. ते रक्षणीय वस्तू म्हणून निर्माण झालेलेच नव्हते. मंत्र उच्चारला की त्याचे कार्य संपते, त्याप्रमाणे चौकाचेही कार्य विवाहाबरोबर संपत असे. शिवाय ते स्त्रियांचे काम होते. अशा परिस्थितीत एका पुरुषाने, कोणताही विवाह नसताना, केवळ काढावेसे वाटते म्हणून रोज चित्रे काढू लागावीत, ही गोष्ट त्या समाजाच्या वहिवाटीत किती अपूर्व होती याची कल्पना करता येईल.

जिव्या सोमा मशे यांचा जन्म 1934 सालचा, तलासरी भागातील धामणगावचा. मातेचा मृत्यू त्यांनी अगदी बालवयात पाहिला आणि त्या आघाताने त्यांची वाचाच जणू बंद झाली. मनातले सांगण्यासाठी हे मूल बोलण्याऐवजी धुळीत आकृत्या काढीत असे, आणि या वेगळेपणामुळे त्याला भोवतालच्या समाजात निराळे स्थान मिळाले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे वयाच्या अकराव्या वर्षी ते डहाणू तालुक्यातील कलंबीपाड्यास राहावयास आले. बालपणीच्या दुःखाचा आणि कलेचा संबंध जोडताना लेखकाची लेखणी सहज भावविवश होते. तो मोह येथे आवरावयास हवा, कारण दुःख पुष्कळांच्या वाट्याला येते आणि त्यांतले फार थोडे चित्रकार होतात. या प्रसंगातील खरी महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वारली समाजात रेषा ही देवाशी बोलण्याचे साधन होती. या मुलाने ती माणसांशी बोलण्याचे साधन म्हणून प्रथम हाती घेतली. ज्याला बोलण्याऐवजी रेखावयाचे आहे, त्याच्या रेषेला नुसते शोभिवंत राहून भागत नाही. तिला अर्थ पोहोचवावा लागतो, आणि तोही चटकन, थोडक्यात, ऐकणारा निघून जाण्यापूर्वी. मशे यांच्या पुढील चित्रांतील काटकसर आणि वेग यांचा उगम येथे असावा, असे मानण्यास जागा आहे.

त्यांच्या बालपणाचा काळही सामान्य नव्हता. उंबरगाव व डहाणू भागांतील वारली तेव्हा जमीनदारांच्या वेठीने पिळून निघत होते. विवाहासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोडक्या रकमेपायी नवरा-नवरी दोघेही वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबत, आणि अशा माणसास लग्नगडी म्हणत. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी या गावी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांचा मोठा मेळावा भरला, वेठीस नकार देण्याचा निर्धार झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवला आहे. चित्रकलेच्या लेखात हा उल्लेख अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या लग्नासाठी सवाशिणी आनंदाने चौक लिहीत, तेच लग्न कित्येकांना गुलामगिरीच्या दस्तऐवजावर अंगठा उठवावयास लावीत होते, हे ठाऊक असल्यावाचून त्या पांढऱ्या आकृत्यांकडे पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे होय. वारली चित्रात दुःख रंगविलेले फारसे आढळत नाही. चौक हा मंगलासाठी लिहिला जाई आणि त्यात अमंगलाला थारा नसे. जिव्या मशे यांनीही आपल्या काळचा संघर्ष चित्रविषय म्हणून उघडपणे मांडल्याचे दिसत नाही. त्यांनी नाच, पेरणी, मळणी, मासेमारी हे विषय निवडले. वेठीखाली जगलेल्या समाजाने आपल्या भिंतीवर स्वतःचे शेत, स्वतःचे खळे आणि स्वतःचा देव यांनाच जागा द्यावी, यात एक प्रकारचा मूक स्वाभिमान आहे, आणि मशे यांच्या विषयनिवडीत तो उतरलेला आहे.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी या कथेत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराचा प्रवेश होतो. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या कामात पुपुल जयकर यांनी या मनस्वी कलावंताला गुंतविले होते. 1966-67 च्या बिहारमधील दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद पुरवून त्यांची भित्तिचित्रे कागदावर आणण्याच्या कार्यात त्यांचा वाटा होता. तोच प्रयोग वारली मुलखात करावा म्हणून ते डहाणूकडे आले. कागद वाटले गेले ते प्रथम स्त्रियांना, कारण चौक लिहिणाऱ्या त्याच होत्या. परंतु कागदावर रंगलेला हात निघाला तो जिव्या मशे यांचा. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीकडे झुकलेले होते. तरुण चित्रकार म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे विशीतला मुलगा येतो. परंतु कलावंताचे वय जन्मपत्रिकेवर मोजावयाचे नसते. ज्या दिवशी त्याला आपले माध्यम सापडते त्या दिवशी त्याचे तारुण्य सुरू होते, आणि या हिशेबाने कलंबीपाड्याच्या या शेतमजुराचे तारुण्य इतरांची उमेद ओसरू लागते त्या वयात उदयास आले.

1975 मध्ये मुंबईतील जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतील केमोल्ड दालनात त्यांची चित्रे मांडली गेली. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि त्याच वर्षी फ्रान्समधील मांतों येथे त्यांची चित्रे परदेशी रसिकांपुढे आली. पुढील सन्मानांची यादी मोठी आहे. 2002 चे शिल्पगुरू पद, 2009 चा नेदरलँड्समधील प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि 2011 ची पद्मश्री, इतक्यांचा निर्देश पुरेसा होईल. 15 मे 2018 रोजी त्यांचे निधन झाले. परंतु सन्मानाने शैलीचा उलगडा होत नाही. त्यासाठी त्यांच्या कागदाकडेच वळले पाहिजे.

भिंतीवरून कागदावर येताना तीन गोष्टी बदलल्या. पहिली गोष्ट म्हणजे प्रसंग गेला. विवाहाची तिथी नसल्यामुळे चित्र केव्हाही काढता येऊ लागले, आणि केव्हाही काढता येते म्हणून पुनःपुन्हा काढून सुधारताही येऊ लागले. सराव नावाची वस्तू या कलेत प्रथमच शिरली. दुसरी गोष्ट म्हणजे चौक गेला. चित्राच्या मध्यभागी देवीचा अढळ चौरस असण्याची आवश्यकता उरली नाही, आणि पूर्वी जी कडेची मोकळी जागा होती तीच संपूर्ण पृष्ठभागावर पसरली. तिसरी गोष्ट म्हणजे पृष्ठभाग सपाट झाला. कुडाची भिंत खडबडीत, तिच्यावर काडी अडखळते, पीठ ओघळते; शेणाने वा गेरूने सारवलेल्या कागदावर आणि कापडावर रेषा बारीक होऊ शकते, आणि पिठात डिंक मिसळला की ती टिकूही शकते. केवळ साहित्य बदलले म्हणून शैली निर्माण झाली असे म्हणता येणार नाही, कारण तोच कागद इतरही अनेकांना मिळाला होता. मात्र साहित्य बदलल्यामुळे ज्या नव्या शक्यता उघडल्या, त्या कोणी ओळखल्या हा प्रश्न उरतो, आणि शैलीचा विचार तेथून सुरू होतो.

मशे यांच्या चित्रांत पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे काहीही स्थिर नसते. भिंतीवरच्या चौकात रेषा कणखर आणि तोललेली असे. देवीला आसन हवे म्हणून ते योग्यच होते. मशे यांनी रेषा बिंदूंत आणि लहान तुटक फटकाऱ्यांत विभागली, त्यांचे थर दाट केले, आणि मग झाडाची पाने, उफणणीतले धान्य, जमिनीवर पडणारा पाऊस, माणसांची गर्दी ही सारी एकाच प्रकारच्या स्पंदनाने हलू लागली. जवळून पाहिले तर नुसते ठिपके आणि काड्या. दूर सरकले की शेत वाऱ्यावर डोलताना दिसते. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र या दृष्टीने फार बोलके आहे, आणि या विषयाकडे ते वारंवार परतले. सूक्ष्म पांढऱ्या रेषांचे भलेमोठे जाळे जवळजवळ सारा पृष्ठभाग व्यापते. त्याचे डोळे कोठे दाट, कोठे विरळ, त्यामुळे सपाट कागदाला फुगवटा आल्याचा भास होतो, आणि ते फेकणारा मनुष्य कडेला अगदी लहानसा. ज्याने जाळे विणले आणि फेकले तो इवलासा, आणि त्याची कृती आभाळाएवढी! छायाप्रकाशाचा अथवा यथार्थदर्शनाचा कोणताही नियम न शिकता, केवळ रेषांच्या विरळ-दाटपणातून अवकाश निर्माण करण्याचे हे कौशल्य अभ्यासानेच साध्य होते.

येथे ध्यानात येईल की, मशे यांनी वारली चित्राचा एकही मूलभूत नियम मोडला नाही. त्रिकोण तेच, वर्तुळ तेच, पांढरा रंग तोच. बंदरपट्टीच्या पानमळ्यात वेल ज्या आधाराच्या झाडावर चढविलेली असते, ते झाड तिला उभे धरते, परंतु पानाची चव झाडाची नसते. परंपरा आणि शैली यांचे नाते काहीसे असेच म्हणता येईल. नियम न मोडता त्यांनी नियमांचे प्रमाण बदलले. कोणती गोष्ट मोठी, कोणती लहान. कोठे गर्दी, कोठे मोकळीक. कोठे रेषा थांबवावी, कोठे चालू द्यावी. शैली बहुतेक वेळा अशा निवडींतून घडते, आणि या निवडी इतक्या सातत्याने एकाच दिशेने होऊ लागतात की कागदावर सही नसली तरी हात ओळखू येतो.

शहरी कलाशिक्षणाशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. मुंबईच्या सर जे. जे. कलाविद्यालयात, 1857 पासून, विद्यार्थ्याचा हात प्रथम पाश्चात्त्य पद्धतीच्या रेखांकनाने घडविला जात आला, आणि त्यातून बाहेर पडण्याच्या धडपडीतून पुष्कळांच्या शैली जन्मास आल्या. तेथे शिकलेले विसरणे ही शैलीची पहिली पायरी मानली गेली. पाड्यावरचा चित्रकार शिकतो तो गुरूसमोर बसून नव्हे. आई, मावशी, शेजारीण चौक लिहीत असताना पीठ कालवून देता देता, कडेचा एखादा पट्टा भरता भरता. त्याला विसरावयाचे काही नसते. जे सर्वांना येते त्यात आपले काय, एवढाच शोध त्याला घ्यावा लागतो. हा शोध सोपा नव्हे, उलट अधिक कठीण आहे, कारण येथे वेगळेपणा मिरविता येत नाही. मिरविला तर ते चित्र वारली राहत नाही, आणि न साधला तर ती नुसती नक्षी होते.

अशा स्थितीत सापडलेले मशे एकटेच नव्हते. मध्य प्रदेशातील पाटणगढच्या परधान जमातीतील जनगढसिंह श्याम हा विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या सहकाऱ्यांच्या नजरेस 1981 च्या सुमारास पडला आणि भोपाळच्या भारत भवनात येऊन त्याने आपल्या जमातीच्या गाण्यांतल्या देवतांना प्रथमच रंगरूप दिले. 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने जगभरातील कलावंतांना शहरी-ग्रामीण असा भेद न करता एकत्र मांडणारे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा जिव्या मशे, जनगढ श्याम आणि मिथिलेच्या बौआ देवी यांची चित्रे पाश्चात्त्य कलावंतांच्या बरोबरीने लागली. पुढे 2003 मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे मशे यांचे प्रदर्शन झाले ते रिचर्ड लाँग या इंग्रज शिल्पकाराच्या जोडीने. लाँग हे निसर्गात पायी चालून, दगडांची वा मातीची वर्तुळे आणि रेषा रचणारे कलावंत; त्यांनी वारली मुलखात येऊन मशे यांच्या सान्निध्यात काम केले. दोघांच्या भाषा भिन्न, दोघांचे जग भिन्न. परंतु वर्तुळ आणि रेषा यांवरचा विश्वास समान. जनगढ मात्र 2001 मध्ये जपानमध्ये, घरापासून दूर, अकालीच मरण पावला. पाड्यावरच्या प्रतिभेला जगाच्या बाजारात नेऊन उभे करण्यात केवढी जोखीम असते, याचा तो दुःखद दाखला होय.

या यशोगाथेत एक हिशेब मात्र अपुरा राहिला आहे. ज्या सवाशिणींनी ही लिपी सांभाळली त्यांची नावे आपणास बहुधा माहीत नाहीत. चित्र घरातून बाजारात आले, त्याबरोबर ते स्त्रीच्या हातून पुरुषाच्या हाती गेले. प्रदर्शनासाठी मुंबईस जाणे, व्यापाऱ्याशी व्यवहार करणे, सरकारी पुरस्काराची सनद स्वीकारणे ही कामे पुरुषांची मानली गेल्यामुळे कीर्तीही त्यांच्याच नावे जमा झाली. चेन्नईच्या तारा बुक्सने 2009 मध्ये ‘डू’ या नावाचे मुलांचे वारली चित्रपुस्तक काढले, तेव्हा त्यावर रमेश हेंगाडी व शांताराम धडपे यांच्याबरोबर रसिका हेंगाडी आणि कुसुम धडपे या स्त्रियांचीही नावे आली, हे म्हणून उल्लेखनीय. आज पाड्यावरच्या एखाद्या मुलीला चित्रकार व्हावेसे वाटले, तर तिला पुरुषांच्या क्षेत्रात शिरावयाचे नसून आपल्या आजीच्या क्षेत्रात परतावयाचे आहे, ही जाणीव तिला कोणी करून दिली पाहिजे.

मशे यांच्यामागून आलेल्या पिढ्यांत शैलीच्या घडणीचे निरनिराळे मार्ग दिसतात. सदाशिव आणि बाळू या त्यांच्या पुत्रांपुढे थोर पित्याच्या छायेत वाढलेल्या प्रत्येक कलावंताचा प्रश्न होता. त्यांनी तो वारसा नाकारला नाही, त्याच रेषेत आपापल्या हाताचा शोध चालू ठेवला. गंजाडचे राजेश चैत्या वांगड यांचा मार्ग निराळा. छायाचित्रकार गौरी गिल 2013 मध्ये गंजाडला आल्या, त्यांनी तेथील भूप्रदेशाची कृष्णधवल छायाचित्रे घेतली, आणि वांगड यांनी त्या छायाचित्रांवर आपल्या बारीक रेषा काढल्या. कॅमेऱ्याला झाड दिसते. त्या झाडाखाली पूर्वी काय घडले, कोणत्या देवाचा तेथे वास आहे, कोणते जंगल तोडले गेले, हे त्याला दिसत नाही. ते वांगड यांच्या रेषेने भरून काढले. येथे वारली चित्रभाषा इतिहासलेखनाचे काम करू लागली. त्याच गंजाडचे तुषार आणि मयूर वायेडा हे बंधू त्याहून तरुण पिढीचे. धरतरी, कणसरी या देवतांच्या कथा ते मोठ्या पटावर, अत्यंत घन आणि सूक्ष्म रेखाटनाने मांडतात; ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे 2021 मध्ये सुरू झालेल्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे चित्र लागले होते. सृष्टीच्या उत्पत्तीची कथा भगताच्या तोंडून ऐकणे आणि ती परक्या देशातील प्रेक्षकाला शब्दाविना समजेल अशा क्रमाने पटावर रचणे, या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते या पिढीला ओलांडावे लागते.

या तरुणांच्या प्रेरणा कोणत्या, असे विचारले तर देव, शेत आणि नाच हे उत्तर आता अपुरे पडेल. रेल्वेगाडी, सायकल, शाळा, दवाखाना यांना वारली चित्रांत केव्हाच प्रवेश मिळालेला आहे. परंतु या मुलखाचे रूपच आता पालटत आहे. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू आणि तलासरी भागांतील पाड्यांना भूकंपाचे धक्के वारंवार जाणवू लागले. 30 ऑगस्ट 2024 रोजी डहाणूजवळील नियोजित वाढवण बंदराच्या कोनशिलेचा समारंभ पालघर येथे झाला. अतिजलद रेल्वेचा मार्ग याच तालुक्यांतून जात आहे. ज्या चित्रभाषेत जमीन ही देवी आहे, तिच्यात भूसंपादनाचा कागद कसा रेखावयाचा, हा प्रश्न वारली चित्रकारापुढे आज प्रत्यक्ष उभा आहे. मंगलालाच स्थान देणाऱ्या चौकाच्या परंपरेत या अमंगलाची सोय नव्हती. वांगड यांच्यासारख्यांनी ती करून दाखविली आहे, आणि मशे यांच्या पिढीहून ही पिढी कोठे वेगळी झाली ते येथे स्पष्ट दिसते.

बाजाराचा दाब हा दुसरा प्रश्न. पर्यटकाला तारप्याचा फेर हवा असतो. तो पूर्वी पाहिलेला, ओळखीचा आणि दिवाणखान्यास शोभणारा असतो. एकच चित्र वर्षातून अनेक वेळा काढण्यास पैसे मिळत असतील आणि नवे चित्र काढण्यास मिळत नसतील, तर कारखान्यातील पाळीला पर्याय म्हणून चित्राकडे वळलेल्या तरुणाने काय करावे? डहाणू भागातील आदिवासी युवकांच्या संघटनेने खटपट करून वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळवून दिले, ही स्तुत्य गोष्ट आहे. परक्याने या नावावर व्यापार करू नये याची तजवीज त्याने काही अंशी होते. तथापि कायदा नक्षीचे रक्षण करू शकतो, शैलीचे नाही. ती ज्याची त्याने निर्माण करावी लागते, आणि त्यासाठी त्याला विक्रीच्या चिंतेतून मोकळे असे काही दिवस मिळावे लागतात. भास्कर कुलकर्णी यांनी मशे यांना दिलेली मोठी देणगी कागद ही नव्हती. प्रसंगावाचून चित्र काढण्याची मुभा, ही होती.

ही मुभा आज देणार कोण? शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारी मुले केळव्याच्या आणि पालघरच्या शाळांतूनही असतात, आणि त्या परीक्षेत स्थिरचित्र, संकल्पचित्र यांच्याबरोबर स्मरणचित्र हा विषय असतो. या विषयात बाजार, बसथांबा, पावसातील रस्ता अशी ठराविक दृश्ये घोटून जाण्याचा प्रघात आहे. जिव्या मशे यांची सारी चित्रे पाहता ती स्मरणचित्रेच आहेत. समोर नमुना ठेवून काढलेले त्यांत काही नाही. शिक्षकाने मुलाला दुसऱ्याच्या भिंतीवरचा तारप्याचा फेर उतरवावयास लावण्याऐवजी, तू काल पाहिलेली मळणी, तुझ्या वडिलांची पाळी सुटताना फाटकाशी होणारी गर्दी, पानमळ्यात वेल उतरविणारी तुझी आई, यांतले एक चित्र काढ, आणि तेच पुन्हा पुढच्या आठवड्यात काढ, असे सांगितले तर शैलीच्या घडणीचा अर्धा मार्ग तेथेच आक्रमिला जाईल. उरलेला अर्धा त्या मुलाच्या हट्टावर अवलंबून राहील. परंपरा त्याला रेषा देईल, शाळा कागद देईल, बाजार कदाचित पैसाही देईल. परंतु कोणती गोष्ट मोठी आणि कोणती लहान हे ठरविण्याचा अधिकार त्याने स्वतःच बजावावयाचा आहे, आणि तो बजावला गेला की चित्राखाली सही करण्याची फारशी गरज उरत नाही.